ऑफिसचे कपडे बसून निवडा: मोठ्या मापाच्या माणसांसाठी

नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मी जो शर्ट घातला होता, तो ट्रायल रूमच्या आरशात अगदी व्यवस्थित दिसला होता. ऑफिसात खुर्चीत बसले, टेबलावर जरा पुढे वाकले आणि छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडली. दिवसभर फाइल छातीशी धरून वावरले. नवी माणसं, लक्षात ठेवायची डझनभर नावं, समजून घ्यायची कामं, आणि डोकं त्या एका बटणात अडकलेलं. त्यानंतर बरीच वर्षं गेली, नोकऱ्या बदलल्या, माझं मापही बदललं. त्या दिवसाने शिकवलेली एक गोष्ट मात्र मी कधी सोडली नाही: आपण कपडे उभं राहून निवडतो आणि वापरतो बसून. सडपातळ माणसाला यात फारसा फरक जाणवत नाही. आपल्याला जाणवतो. बसलं की पोट पुढे येतं, मांड्या पसरतात, सीट (नितंबांचा भाग) रुंदावते, हात कीबोर्डवर गेले की पाठ ताणली जाते. म्हणून खाली जे काही सांगते आहे, ते सगळं खुर्चीत बसून तपासायचं आहे.

मापं घ्या, उभ्याने आणि बसूनही

ऑफिसला जी अंतर्वस्त्रं घालणार आहात, तीच घालून मापं घ्या. ब्रा बदलली की छातीचा घेरही बदलतो आणि छातीची उंचीही. सैल पडलेल्या जुन्या ब्रावर घेतलेल्या मापाने शर्ट आणला, तर टक्स (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या घड्या) भलतीकडेच येतात.

नेहमीची टेप १५० सेंटीमीटरची, म्हणजे ६० इंची असते. ती पुरली नाही तर तिथेच हिरमुसून थांबू नका. न ताणणारी सुती नाडी अंगाभोवती घ्या, जिथे टोक जुळतं तिथे पेनाने खूण करा आणि नाडी टेपवर मोजा. दुप्पट लांबीच्या टेपही मिळतात. मी एक घेऊन ठेवली आहे आणि ती घेतल्यापासून मापं घेणं हे मला नकोसं काम वाटत नाही.

छातीचं माप सगळ्यात भरलेल्या जागी, मग छातीच्या लगेच खाली, कंबर, पोट, सीट, दंड आणि मांडी. कंबर नेमकी कुठे हे कळत नसेल तर एका बाजूला झुका. जिथे घडी पडते ती कंबर. तिथे नाडी बांधून ठेवली की बाकीची मापं सोपी होतात. पोटाचं माप वेगळं घ्या, कारण पुष्कळ जणांच्या बाबतीत कंबरेपेक्षा पोट रुंद असतं आणि कपडा अडतो तो तिथेच. त्यानंतर आसन: पुढच्या बाजूला कंबरेपासून, दोन पायांमधून, मागे कंबरेपर्यंत. हे माप बहुतेक जण घेतच नाहीत, आणि पँटच्या निम्म्या तक्रारींचं मूळ त्यातच असतं.

आता खुर्चीत बसा, पाय जमिनीवर टेकवा आणि कंबर, पोट, सीट, मांडी पुन्हा मोजा. माझी सीट बसल्यावर सहा-सात सेंटीमीटरने वाढते. पँट घेताना मी तोच मोठा आकडा धरते. दोन्ही रकाने फोनमध्ये लिहून ठेवा.

शरीराचं माप आणि कपड्याचं माप यांत जी मोकळीक ठेवायची असते तिला टेलर लूझिंग म्हणतात. न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टाला छातीवर साधारण ८ ते १० सेंटीमीटर, दंडाला ४ ते ५ सेंटीमीटर लूझिंग हवं. पँटला सीटवर बसलेल्या मापापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर जास्त असले तरी पुरतात. ब्लेझर शर्टावर चढतो, त्यामुळे त्याला छातीवर १२ सेंटीमीटरच्या आसपास लागतात. ताणणाऱ्या कापडाला यापेक्षा कमी चालतं.

टॅगवरच्या आकड्याला किती मान द्यायचा

अजिबात नाही. एका कंपनीचा डबल एक्सएल दुसऱ्या कंपनीच्या एक्सएलपेक्षा लहान निघतो, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाचा आहे, आणि त्यात चूक आपल्या शरीराची नसते. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली गेली, आणि पुढे १९५८ साली त्या कामाच्या आधारे बायकांच्या रेडिमेड कपड्यांसाठी सीएस २१५-५८ हे मानक निघालं. १९८३ मध्ये तेही मागे घेतलं गेलं. प्रत्येक कंपनी आपल्या गिऱ्हाइकाचा एक काल्पनिक बांधा डोळ्यांपुढे ठेवते आणि त्यावर आकडे लावते. तो बांधा आपला नसला की आकड्याला अर्थ उरत नाही.

दुसरं कारण ग्रेडिंगचं. पुष्कळ कंपन्या मधल्या मापाचा एक नमुना बसवतात आणि तोच ठरावीक सेंटीमीटरने वाढवत वरची मापं काढतात. घेर वाढतो तसे खांदेही वाढतात, बाह्याही लांबतात. पण माणूस जाड झाला म्हणून त्याची खांद्याची हाडं रुंद होत नाहीत. त्यामुळे पोटावर बसलेला शर्ट खांद्यावरून लोंबतो. ज्या कंपन्या मोठ्या मापांसाठी वेगळा नमुना बनवतात, त्यांचा कपडा हातात घेतल्यावर कळतो: खांदा आटोपशीर, दंड ऐसपैस, मुंढा (बाही जोडायचा काखेजवळचा घेर) पुरेसा मोकळा, पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित लांब. असा ब्रँड सापडला की त्याला सोडू नका.

खरेदीआधी ऑफिसला दोन प्रश्न

ऑफर हातात आली की एचआरला सरळ विचारा, रोजचा पोशाख काय असतो, आणि आठवड्यातले काही दिवस वेगळे असतात का. हे विचारण्यात कमीपणा नाही, रोज कुणी ना कुणी विचारतच असतं. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: कंपनीकडून टी-शर्ट, गणवेश, जॅकेट असं काही मिळणार आहे का? मिळणार असेल तर आपलं माप आधीच, लेखी, सेंटीमीटरमध्ये कळवा. सगळ्यांना वाटप चालू असताना आपल्या मापाचा नाही हे कळणं फार लागतं, आणि एका ईमेलने ते टळतं.

सगळी खरेदी रुजू होण्याआधी करू नका. पहिल्या दोन आठवड्यांपुरतं घ्या: तीन पँट किंवा स्कर्ट, पाच टॉप किंवा शर्ट, एक ब्लेझर. खालचे तिन्ही गडद आणि एकाच रंगाच्या कुळातले असले, तर पाचही वरचे कपडे तिन्हींवर चालतात आणि पंधरा जोड्या होतात. एसी किती गार आहे, खुर्चीचे हात किती अरुंद आहेत, जिने किती चढावे लागतात, लोक प्रत्यक्षात काय घालतात, हे तिथे गेल्यावरच कळतं. उरलेले पैसे तेव्हा खर्चा.

आणि बारीक झाल्यावर होईल म्हणून काही घेऊ नका. नोकरी आज सुरू होते आहे, आजच्या शरीराने. ते शरीर आठ-नऊ तास काम करणार आहे, त्याला आज नीट बसणारा कपडा मिळायला हवा.

शर्ट आणि टॉप

आता त्या फटीकडे येऊ. बटणांचा शर्ट छातीवर उघडतो याचं कारण फक्त घट्टपणा नसतं. रेडिमेड शर्टाचा नमुना बहुधा मध्यम उभारीच्या छातीसाठी काढलेला असतो. छाती त्याहून भरलेली असली की कापडाला पुढे घेर आणि लांबी दोन्ही कमी पडतात, आणि ताण येतो तो नेमका बटणपट्टीवर. एक माप मोठा शर्ट घेतला तर फट जाते, पण खांदे उतरतात. म्हणून आधी शर्टाची बांधणी बघा. बाजूने छातीकडे येणारे टक्स असले तर उत्तम. खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून खालपर्यंत शिवण गेलेला प्रिन्सेस कट त्याहून उत्तम, कारण त्या शिवणीत टेलरला हवा तसा आकार देता येतो. सपाट, कुठेही टक्स नसलेला शर्ट भरलेल्या छातीला सहसा बसत नाही.

बटणं कुठे आहेत तेही पाहा. एक बटण छातीच्या सगळ्यात भरलेल्या रेषेवर यायला हवं. तिथे दोन बटणांमधली रिकामी जागा आली तर ती उघडणारच. बाकी शर्ट आवडला असेल तर त्या जागी आतून एक टिचबटण लावून घ्या. बाहेरून काही दिसत नाही, आणि पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या सगळ्या शर्टांना ते असतं. घट्ट शर्ट मात्र टिचबटणाने आवळून घालू नका. फट मिटते, पण बटणाच्या दोन्ही बाजूंना आडव्या चुण्या पडतात आणि त्या फटीपेक्षा जास्त डोळ्यांत भरतात.

दंडाकडे दुर्लक्ष करू नका. उभ्याने ठीक वाटणारी बाही कोपर वाकवल्यावर काचते, आणि दिवसभर टाइप करायचं असलं की संध्याकाळपर्यंत दंडावर वळ उठतो. बाही घातल्यावर दंडाला चिमटीत दोन-अडीच सेंटीमीटर कापड पकडता आलं पाहिजे.

लांबीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आत न खोचायचा टॉप पोटाच्या सगळ्यात फुगीर जागी संपू नये. तिथे संपला की कड पुढे तरंगते आणि बसल्यावर वर चढते. सीटच्या मध्यापर्यंत आला आणि बाजूला कट असले तर बसताना तो आपोआप मोकळा होतो. बाकी गळा, कॉलर, रंग, नक्षी हे सगळं तुमच्या आवडीचं. आडव्या रेघा, पांढरा रंग, मोठी फुलं जाड माणसांनी घालू नयेत, असले नियम मी पाळत नाही. मापात बसलेला पांढरा शर्ट न बसलेल्या काळ्या शर्टापेक्षा नेहमी चांगला दिसतो.

पँट: खरी परीक्षा

पँट घालून बसलात आणि मागची पट्टी खाली सरकली, तर कंबर मोठी झाली असं समजून बेल्ट आवळला जातो. खरं तर तिथे आसन कमी पडलेलं असतं. बसल्यावर मागून जास्त कापड लागतं. ते नसलं की पँट कंबरेवरून खाली खेचली जाते. बेल्ट आवळल्याने पोट दुखतं, पँट तशीच सरकते. मधली किंवा उंच कंबर असलेली, मागची बाजू पुढच्यापेक्षा स्पष्टपणे वर असलेली पँट शोधा. तुमच्या सगळ्यात सुखाच्या पँटचं आसन पुढच्या पट्टीपासून मागच्या पट्टीपर्यंत मोजून ठेवा आणि नवी पँट त्याच्याशी ताडून बघा.

चुण्या वाचायला शिका, त्या खरं सांगतात. आडव्या चुण्या म्हणजे तिथे कापड कमी. उभ्या, लोंबणाऱ्या घड्या म्हणजे कापड जास्त. तिरप्या चुण्या ज्या जागेकडे बोट दाखवतात तिथे ताण आहे. जांघेपासून दोन्ही मांड्यांकडे पंख्यासारख्या चुण्या पसरल्या असतील, तर मांडीला किंवा आसनाला कापड पुरत नाही. खिशांची तोंडं कानासारखी बाहेर आली असतील, तर सीट घट्ट आहे.

कंबरपट्टी पुढे सपाट आणि बाजूला किंवा मागे इलॅस्टिक, ही रचना मला ऑफिससाठी सगळ्यात सोयीची वाटते. समोरून नेहमीच्या फॉर्मल पँटसारखी दिसते आणि जेवणानंतरही काचत नाही. पट्टी रुंद असावी. अरुंद, मऊ पट्टी बसल्यावर गुंडाळी होऊन पोटाच्या घडीत जाते.

मांड्यांच्या घासण्याबद्दलही बोलायला हवं, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. जाड माणसाची पँट सगळ्यात आधी झिजते ती मांडीच्या आतल्या बाजूला. तिथे आधी गोळे येतात, मग कापड विरळ होतं आणि एक दिवस फाटतं. घट्ट विणीचं ट्विल, म्हणजे तिरप्या रेघांच्या विणीचं कापड, तिथे जास्त टिकतं. सैल विणीचं, केसाळ कापड लवकर जातं. दोन पँट असतील तर एक दिवसाआड घाला. पँट नवी असतानाच टेलरकडून आतून त्या जागी पातळ कापडाचा तुकडा लावून घेतला, तर तिचं आयुष्य बरंच वाढतं. स्कर्ट किंवा ड्रेसखाली कातडी सोलवटू नये म्हणून मांडीभर लांबीची, लायक्रा (ताणणारा धागा) असलेली सुती शॉर्ट्स घाला. तिची खालची कड सपाट असू द्या. जाड शिवण असली तर तीच टोचते.

ब्लेझर

खांदा बसला तर घ्या, नाही बसला तर ठेवून द्या. बाकी बहुतेक गोष्टी दुरुस्त होतात, खांदा करणं महागाचं आणि धोक्याचं काम आहे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर संपली पाहिजे. मुंढा खूप खाली उतरलेला असेल तर ऐसपैस वाटतो, पण हात वर केला की सगळा ब्लेझर वर उचलला जातो. नीट वर, काखेजवळ बसलेला मुंढा उलट जास्त हालचाल करू देतो. समोरचं बटण लागलंच पाहिजे असा हट्ट नको. उघडा घालायचा असेल तर पुढच्या दोन कडा सरळ खाली पडतात का एवढं बघा. मागच्या कटावर बहुधा फुलीसारखे टाके घातलेले असतात. ते फक्त दुकानात घडी नीट राहावी म्हणून असतात, घालण्याआधी कापून टाका. नाही कापले तर बसताना ब्लेझर सीटवर अडतो.

कापड हातात घेऊन बघा

कापडाची चाचणी सोपी आहे. एक कोपरा मुठीत घट्ट धरून दहा आकडे मोजा आणि सोडा. जेवढ्या सुरकुत्या राहतील तेवढ्या दुपारी तुमच्या मांडीवर दिसणार आहेत. मग कापड ताणून सोडा. लगेच मूळ जागी आलं तर चांगलं. ताणलेलंच राहिलं तर संध्याकाळी गुडघ्यांना पिशव्या लोंबतील.

पँटच्या कापडात दोन ते पाच टक्के लायक्रा असला की बसणं सुखाचं होतं. त्याहून जास्त असला तर कापड अंगाला चिकटायला लागतं. निव्वळ पॉलिस्टर घाम शोषत नाही, आणि आपल्याला पाठीला, काखेत, छातीखाली घाम जास्त येतो. सुती किंवा व्हिस्कोस मिसळलेलं कापड घ्या. ब्लेझरचं अस्तरही तपासा, वरचं कापड चांगलं आणि अस्तर पॉलिस्टरचं, असं फार आढळतं. ड्रेस किंवा पँटसाठी पोंटे नावाचं जाड दुहेरी विणीचं कापड मला आवडतं. सुरकुत्या जवळजवळ पडत नाहीत आणि अंगावर नुसतं चिकटून न बसता आकार धरतं. लायक्रा असलेले कपडे ड्रायरच्या किंवा कडक इस्त्रीच्या उष्णतेत लवकर सैल पडतात, तेव्हा ते सावलीत वाळवा.

ट्रायल रूममध्ये

खुर्ची किंवा स्टूल मागून घ्या. मी आता न लाजता मागते. बसा, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवल्यासारखे पुढे करा, खाली पडलेलं पेन उचलल्यासारखं वाका, वरच्या फळीवरची फाइल काढल्यासारखे हात वर न्या, आणि बसल्या बसल्या एक खोल श्वास घ्या. मग आरशाकडे न बघता स्वतःला विचारा, कुठे काचतंय? ऑनलाइन घेत असाल तर हेच सगळं घरी, टॅग न काढता करा, आणि परत करायची मुदत आधी वाचून ठेवा. तिथल्या तक्त्यात दिलेली मापं शरीराची आहेत की कपड्याची, हे नीट बघा. कपड्याची असतील तर त्यातून लूझिंग वजा करावं लागतं.

टेलर

सगळ्यात रुंद जागेला बसेल असा कपडा घ्या आणि बाकीचा टेलरकडून आत घ्या. हा खर्च खरेदीतच धरा. कंबर, बाजूच्या शिवणी आत घेणं, लांबी कमी करणं, बाहीचा घेर घटवणं, हे रोजचं काम आहे. सैल करायचं असेल तर कपडा उलटा करून आतली माया (शिवणीत राखलेलं जादा कापड) बघा. रेडिमेडमध्ये ती पुष्कळदा शिवणीला सेंटीमीटरभरच असते, म्हणजे फार काही मिळत नाही. टेलरकडेही बसून दाखवा. "उभं राहा" म्हणाले तरी पिना लावून झाल्यावर एकदा बसा.

पुरुषांसाठी वेगळं थोडंसं

रेडिमेड सूटच्या जोडीत कोटाच्या छातीपेक्षा पँटची कंबर बहुधा ६ इंचांनी लहान धरलेली असते, म्हणजे ४६च्या कोटाबरोबर ४०ची पँट. पोट मोठं असलं की हे गणित जमत नाही. कोट आणि पँट सुटी विकणाऱ्या ठिकाणीच जा. पँट पोटावर घालायची की पोटाखाली, हे एकदा ठरवा आणि त्याप्रमाणे आसन घ्या. पोटाखाली घालणाऱ्यांची पँट दिवसभर घसरते. पोटावर, खऱ्या कंबरेवर घातलेली, पुढे एक-दोन प्लीट (कंबरपट्टीखाली घातलेल्या घड्या) असलेली पँट बसायला जास्त सुखाची असते, आणि बेल्टऐवजी गॅलस (खांद्यावरून जाणारे पट्टे) लावले तर घसरतही नाही. शर्टाची कॉलर लावल्यावर आत दोन बोटं जायला हवीत. खोचायचा शर्ट लांब घ्या, बसल्यावर पोटावरून तो वर ओढला जातो.

रुजू होण्याच्या आदल्या रात्री

पूर्ण पोशाख घाला, बुटांसकट. बूट संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना, रुंदी बघून घेतलेले असावेत. आयकार्डची दोरी असेल तर तीही गळ्यात घाला, कारण ती छातीवर कुठे लोंबते आणि कुठल्या बटणात अडकते हे आधी कळलेलं बरं. असेच अर्धा तास खुर्चीत बसा, जेवण त्याच कपड्यांत करा. जिथे काचेल तिथे आताच बदल करता येतो, दुसरा शर्ट कपाटात आहे. बॅगेत दोन सेफ्टी पिना, शर्टाच्या रंगाचा दोरा ओवलेली सुई आणि एक जादा टिचबटण टाका. मग शर्ट हँगरला लावा, आणि उद्या भेटणाऱ्या माणसांची नावं एकदा वाचून झोपा.